पाया पडून वर्ग मोडणारे

मंडळी, बनारसमध्ये वर्ग उधळायचीही एक रीत आहे. आधी मास्तरांच्या पाया पडायचं.

आज कॉलेजात माझ्या वर्गातली सुनीता सेमिनार वाचत होती. पोरगी बोलताना अडखळते, म्हणून वर्षभर टाळत आलेली. आज कशीबशी उभी राहिली होती. तेवढ्यात छात्रसंघाच्या, म्हणजे विद्यार्थी संघाच्या, निवडणुकीला उभे असलेले एक भावी नेते चेल्यांसह आत घुसले आणि माझ्या पायांवर वाकले. “गुरुजी, बस दो मिनट.” उठता उठताच प्रचाराचं भाषण सुरू.

मी म्हटलं, “पहले इनका पूरा होने दो.”

नेत्यांनी सुनीताकडे बघितलंसुद्धा नाही. “अरे बहन, बैठ जाओ. कौन सुन रहा है?” चेले खिदळले. ती बसली.

मी नेत्यांना चेल्यांसकट बाहेर काढलं आणि तिला पुन्हा बोलावलं. ती मान खाली घालून म्हणाली, “सर, लिखकर दे दूँगी.”

दुपारी प्राचार्यांनी मलाच समज दिली. “लड़का संस्कारी है, पैर छूता है. उसका अपमान मत किया कीजिए.”

पायांपर्यंतच पोचणाऱ्या असल्या संस्कारांना माझ्या चपलाही माझ्यापेक्षा चांगल्या ओळखतात. तुमच्यापैकी कुणी शिकवत असाल तर एवढंच सांगा, सुनीताला आता परत उभं कसं करू?