आमच्या टाकीवरचा तवंग

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी सांगत असताना मध्येच कुणी फिसकन हसलं की मला पुढचं सुचत नाही, आणि हे मला शेवटपर्यंत सांगायचंच आहे. असा घोळ घालायलाही अंगात गुण लागतात!

तर, आमच्या घरी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आहे. हो हो, येरवड्यात, दोन खोल्यांत! आमचे हे माशांच्या दुकानात कामाला. एक गिऱ्हाईक घर बदलताना मोठी टाकी टाकून देत होतं, ती यांनी टेम्पोत घालून आणली. खास मीठ आणून पाणी तयार केलं, खडक रचले, पंप बसवला. मग आली नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी. बारसं मीच केलं. लाल्या आणि ठमी.

मी सातवी शिकलेली बाई. पण पाण्यात मीठ किती झालंय ते काटा बघून मी सांगते. पाणी किती गरम, तेही मीच बघते. हे दुकानात गेले की समुद्र माझ्या ताब्यात!

आता मुख्य गोष्ट. स्वरा माझी आठ महिन्यांची मुलगी. ती एकदा शिंकली की मी दवाखान्यात चालत जाते. दोनदा शिंकली की रिक्षाने. त्यामुळे तिच्या डॉक्टर मॅडम आता आमच्या घरच्यासारख्याच झाल्यात. त्या नवीन दवाखाना थाटत होत्या आणि त्यांना बाहेरच्या खोलीत अशी टाकी हवी होती, म्हणजे सुईच्या भीतीने पोरं रडायची थांबतील. यांनी धीर करून विचारलं, "मॅडम, मी बसवून देऊ?"

मॅडम म्हणाल्या, "रविवारी तुमच्या घरची बघते. आवडली तर काम तुमचं."

दुकानाचं नव्हे हो, यांचं स्वतःचं पहिलं काम! कधीपासून मनात होतं यांच्या. त्या दिवशी हे घरी आले ते शीळ घालतच.

आणि नेमका त्याच आठवड्यात पाण्यावर तवंग आला.

मटणाच्या रश्शावर कसा तरंगतो, तसा! पातळ, चकाकणारा. दिव्याचा उजेड खाली पोचेना, पाणी मळकट दिसायला लागलं. हे म्हणाले, "असा थर बसला की पाण्याला वरून हवा लागत नाही."

झालं! म्हणजे लाल्या-ठमी गुदमरणार?

यांनी युक्ती शिकवली. पांढरा टिशू पेपर पाण्यावर अलगद पसरायचा, पापड वाळत घालतो तसा, आणि एका टोकाने उचलायचा. तेल कागदाला चिकटून येतं. मी असा काही हात बसवला की काय विचारता! एका कागदात पाणी आरशासारखं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर तवंग परत हजर.

"हे तेल येतंय कुठून?" हे डोकं खाजवत म्हणाले.

म्हटलं, तुम्ही दुकानात जा. चोर मी पकडते.

पहिला संशय सासूबाईंवर. आमचा ओटा टाकीपासून दोन पावलांवर, आणि सासूबाई यवतमाळकडच्या. त्यांची फोडणी म्हणजे धूर, ठसका आणि खिडकीच्या काचेवर तेलाचा थर. मी सांगितलं, "आई, रविवारपर्यंत फोडणी बंद."

"काहून वं?"

"तेल उडून टाकीत जातंय."

"हाव का! म्हणजे माणसाईनं उकडलेलं खावं आन माशाईचा थाट!"

पण लेकाच्या कामाचा प्रश्न होता. दोन दिवस आम्ही बिनफोडणीचं वरण गिळलं. तवंग तसाच.

मग मी देवापुढचं निरांजन गॅलरीत नेऊन ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "देवालेही बाहेर काढलं का? आता राहिली मी. मले कधी काढतं?"

तवंग तसाच!

मग यांच्या डोक्याचा नंबर. हे चापून तेल लावतात आणि टाकीवर वाकून बघत बसतात. मी दम दिला, घरात आलात की डोक्याला टॉवेल गुंडाळायचा. यांनी बिचाऱ्यांनी गुंडाळला. दारात आलेल्या कुरियरवाल्याने विचारलं, "काका, बरं नाहीये का?"

शेवटी राहिल्या शेजारच्या काकू. त्यांच्या कढईचा वास थेट आमच्या खिडकीतून येतो. मी जाऊन अगदी गोड आवाजात म्हटलं, "काकू, रविवारपर्यंत जरा भजी तळू नका ना. माझ्या माशांना त्रास होतो."

काकू अस्सल पुणेरी. झारा हातात तसाच. "असं? मग एक मासा दे पाठवून इकडे. तळून परत करते."

मी दार लावून घेतलं आणि खिडक्याही. भर उन्हाळ्यात सगळं घर घामाने निथळत होतं, पण मी मागे हटले नाही. पोराबाळांसाठी आई काय करत नाही? लाल्या-ठमी माझीच की!

रविवार उजाडला. सकाळी कागद फिरवून पाणी असं लख्ख केलं की टाकीत पाणी आहे की नाही कळू नये. मॅडम आल्या. खुर्ची टाकीसमोरच ठेवली होती. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"सुरेख! कोण सांभाळतं?"

"हीच," हे म्हणाले. डोक्याला टॉवेल होताच.

माझी मान काय ताठ झाली म्हणून सांगू! गप्प बसावं ना? नाही. मी म्हटलं, "मॅडम, थांबा, एक गंमत दाखवते. माझ्या हातातून खातात!"

चिमूटभर खाऊ घेतला आणि हात पाण्यात घातला. लाल्या-ठमी धावत आले. मॅडम खुर्चीतून पुढे झुकल्या. आणि तेवढ्यात माझ्या बोटांभोवती पाण्यावर एक गोल उमटला. चकाकणारा, इंद्रधनुष्याच्या रंगांचा. तो मोठा झाला, आणखी मोठा झाला, आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काचेच्या चारी कडांना जाऊन टेकला.

मी झटकन हात बाहेर काढला.

मॅडमनी विचारलं, "रूपाली, आज मालिश केलीस का स्वराची?"

"हो मॅडम! तुम्हीच सांगितलं होतं ना, रोज करायची."

"बाळाची सांगितली होती. माशांची नाही."

अहो, रोज सकाळी स्वराला खोबरेल तेल चोळायचं, आणि लगेच लाल्या-ठमीला खाऊ घालायचा, हा माझा क्रम. हात धुवायची मी, नाही असं नाही. पण नुसत्या पाण्याने! यांनीच बजावलं होतं, साबणाचा अंशही टाकीत जाता कामा नये. मी इतकी काळजी घेणारी, की माशांसाठी साबण सोडला आणि वाटीभर तेल पाजलं!

यांनी शांतपणे डोक्याचा टॉवेल काढला. आतून सासूबाईंचा आवाज आला, "आता देऊ का वं फोडणी?"

मला रडू फुटायच्या बेतात होतं. गेलं यांचं काम, माझ्या मिरवण्यापायी! पण हात थांबले नाहीत. साबणाने खसाखसा धुतले, भरपूर पाण्याने विसळून पुसले, टिशू पेपर पसरला आणि एका झटक्यात तवंग उचलला. पाणी पुन्हा आरसा. लाल्या-ठमी खाऊ मागायला वर आले.

मॅडम हसून हसून डोळे पुसत होत्या. यांना म्हणाल्या, "बसवा टाकी. आणि सफाईला हिलाच पाठवा. तेल कसं चढतं ते हिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

तर असं मिळालं आमचं पहिलं काम! आता दर आठवड्याला मी ऐटीत दवाखान्यात जाते, स्वराला शिंक आलेली नसतानासुद्धा. तिथे टाकीवर मॅडमनी पाटी लावली आहे. 'पाण्यात हात घालू नये. हा नियम रूपालीलाही लागू आहे.'

मला वाईट वाटलं असेल, असं वाटतं तुम्हाला? अहो, त्या अख्ख्या दवाखान्यात पाट्यांवर दोनच नावं आहेत. एक मॅडमचं, एक माझं. मागच्या आठवड्यात एक बाई पाटी वाचून मलाच विचारत होती, "या रूपाली डॉक्टर कधी बसतात हो?"

मी म्हटलं, "बसतात. पण त्यांच्याकडे मूल नेऊ नका. फार तेल लावतात."