सुंदरम्माच्या ऐरणी

मी धोंडीराम, बँडमास्तर. माझं काम क्लॅरिनेट फुंकायचं, लोकांच्या भानगडीत पडायचं नाही. पण सुंदरम्मा कुंभारणीचं मलाच सांगायला पाहिजे, कारण तिच्यापायी माझा दम निघालाय!

आमच्याकडं लग्नाला ऐरणी लागतात. चुना लावून, लाल-हिरव्या रेघा ओढलेली मातीची गाडगी; ती मांडवात एकावर एक रचायची. पूर्वी लग्नघरची मंडळी वाजतगाजत कुंभाराच्या दारी यायची, कुंभारणीची ओटी भरायची आणि मगच ऐरणी न्यायची. आता मंगल कार्यालयवालेच फायबरची गाडगी भाड्यानं देतात. लग्न कुणाचंही असो, गाडगी तीच, ओल्या फडक्यानं पुसलेली! शुक्रवार पेठेमागच्या आमच्या कुंभारगल्लीतली चाकं थांबली, बायका बिड्या वळायला बसल्या.

सुंदरम्मानं मात्र अडगळीतलं चाक बाहेर काढलं. होटगीकडची माती रिक्षात घालून आणली. पहिली भट्टी अर्धी फुटली, दुसरी काळी पडली. गल्ली हसली. ही म्हणाली, "हसा की! दात तरी दिसू देत." तिसऱ्या भट्टीतलं गाडगं तिनं बोटानं वाजवलं, तर टण्णकन आवाज! गल्लीतल्या बायका बिड्या टाकून धावल्या.

लगेच एक कार्यालयवाला आला. "टेम्पो पाठवतो. दारात यायला लोकांना वेळ नाही."

"मग लग्नाला तरी कशाला वेळ काढत्यात?" सुंदरम्मा कडाडली. "ऐरणी पायजेत तर दारात या. अन् एका न्हाय, सहा दारात!"

बाईनं कामच तसं वाटून दिलं होतं. खालचं गाडगं एका घरचं, मधलं दुसऱ्या घरचं, झाकणी तिसऱ्या घरची. सहा दारं फिरल्याशिवाय उतरंड पुरी व्हायचीच नाही. मी म्हटलं, "अगं बये, सहा ठिकाणी फुंकून मरंन की मी!" म्हणाली, "मरा की, पण सुरात."

सगळ्यात वरचं, दिव्याचं बोळकं तिनं अक्कम्माला दिलं, आणि गल्ली बिथरली. अक्कम्माचा हात सगळ्यांत सफाईचा, पण बाई विधवा. तिच्या दारातनं लग्नाचं बोळकं कसं न्यायचं? बायका म्हणाल्या, "पयलंच लग्न माघारी गेलं तर परत कोण येतंय? आमी आपल्या बिड्याच वळू." अक्कम्मा स्वतः म्हणाली, "माझं बोळकं तुझ्या दारातनं दे, बाई."

"जिनं घडवलं तिच्याच दारातनं जाईल. न्हायतर एकबी गाडगं जाणार न्हाय."

पहिली मंडळी आली होटगीच्या गुरप्पा व्यापाऱ्याची. त्याच्या मुलीचं लग्न होतं. पाच दारं झकास झाली. ओट्या भरल्या, पोरं नाचली. सहावं दार अक्कम्माचं, ते बंद! गुरप्पाच्या बहिणीच्या कानात कुणीतरी कुजबुजलं. ती ताडकन म्हणाली, "चला, पाच पुरे झाली."

मी क्लॅरिनेट खाली घेतलं. सगळ्या गल्लीची नजर सुंदरम्मावर. एवढी तोंडाळ बाई, पण इतकी घाबरलेली मी कधी बघितली नव्हती. तरी ती नवरीच्या आईपुढं, नीलम्मापुढं, उभी राहिली. "अव्वा, दिव्याचं बोळकं हितंच, अक्कम्माच्या घरात हाय. बाकीची हवी तर परत ठेवा, पण हिला वगळून न्यायची न्हाईत."

नीलम्मा त्या बंद दारापाशी गेली. मग तिनं स्वतः कडी वाजवली. "अक्कम्मा, भाईर ये. माझ्या लेकीच्या मांडवातला दिवा तुझ्यापाशी, अन् तूच अंधारात बसलीस व्हय?"

दार उघडलं. अक्कम्मानं पदर पसरला, नीलम्मानं ओटी भरली. अक्कम्मा हमसून हमसून रडली. मी क्लॅरिनेट हातात धरून बघतच राहिलो.

"मास्तर, झोपलात काय?" सुंदरम्मा ओरडली.

मग असं वाजवलं म्हणता, पेठेतली दुकानं रिकामी झाली! अक्कम्मा बोळकं द्यायला लागली, तर नीलम्मानं घेतलंच नाही. "तूच चल. तुझ्या हातानं ठेव."

जन्म गेला माझा लग्नात वाजवण्यात. विधवा बाई मांडवाच्या मागच्या कोपऱ्यातच बघितली. त्या दिवशी डोक्यावर बोळकं घेऊन अक्कम्मा सगळ्यांच्या पुढं चालली, आणि तिच्या मागं मी वाजवत गेलो.