भागुबाईची विहीर आणि सावळीरामांची कोरी बाटली

सावळीराम काकांनी पाण्याचा नमुना घेतला म्हणजे विषय संपला, असं पाणी तपासणीच्या ऑफिसात म्हणायचे. एकोणतीस वर्षं नोकरी, आणि त्यांच्या बाटलीला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. शिष्ट म्हणा हवं तर! विहिरीच्या काठावर कुणी विडी काढली तरी हा माणूस खेकसायचा.

मखमलाबादच्या मळ्यात भागुबाईची विहीर. झेंडू त्याच पाण्यावर, घरचं पिणंही तेच. शेजारी ड्रायक्लीनिंगचा कारखाना आला, त्याचं रसायन जमिनीत मुरतंय अशी तक्रार झाली, म्हणून सावळीरामांनी पाणी भरून नेलं. प्रयोगशाळेने सांगितलं, रसायन आहे. पक्का अहवाल गेला की विहिरीला सील. तोवर पाणी वापरू नका, हे सांगायलाही त्यांनाच जावं लागलं.

"अवो सायेब, फुलं ऐन भरात हायेत," भागुबाई म्हणाली. "आता म्या काय करू?" सावळीराम मान खाली घालून जीपकडे वळले.

चार दिवसांनी प्रयोगशाळेतल्या योगिनीचा फोन आला. "काका, विचित्रच आहे. तुमच्या कोऱ्या बाटलीतही तेच रसायन निघालंय."

कोरी बाटली म्हणजे शुद्ध पाण्याची, सीलबंद. नमुन्यांसोबत नुसती फिरवून आणायची. वाटेत काही भानगड झाली तर तीच चुगली करते. विहिरीचा थेंबही तिला लागलेला नव्हता, मग रसायन आलं कुठून?

आणि सावळीरामांना एकदम आठवलं. लेकीच्या लग्नाची पांढरी साडी! नमुने घ्यायच्या दिवशी मळ्याकडे जाताना पंचवटीतून ड्रायक्लीन झालेली साडी घेतली आणि जीपमध्ये बाटल्यांच्या खोक्यावरच ठेवली. भर उन्हात, काचा बंद. तिच्यातल्या ड्रायक्लीनिंगच्या रसायनाची वाफ झाकणांच्या रबरातून बाटल्यांत शिरली होती.

खरं सांगायचं तर, बाटल्याच खराब होत्या म्हणून सांगावं, असं घटकाभर त्यांच्या मनात आलं. पण भागुबाईचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. "चूक माझी आहे," ते साहेबांपुढे म्हणाले. सगळ्यांदेखत झालेली खरडपट्टी मुकाट ऐकली आणि पुन्हा नमुने घेतले. या वेळी रसायनाचा मागमूसही नाही. हुश्श! सुटलो बाबा एकदाचा, असं त्यांना झालं.

कागद घेऊन ते तडक मळ्यात गेले, साडीसकट सगळं सांगून हात जोडले.

"आन् माझा झेंडू वाळला, त्याचं काय?" भागुबाई कडाडली. मग आत जाऊन पोहरा घेतला, विहिरीतून पाणी शेंदलं आणि तांब्या भरून पुढे केला. "आधी तुमी प्या."

सावळीरामांनी तांब्या घटाघटा रिकामा केला. "मावशी, आणखी द्या."

तेव्हा कुठे भागुबाईने जाऊन विहिरीवरची मोटर चालू केली.