सुजयचा अझोला

सुजय लपायला शिकलाय. घर झोपलंय, पण आज दुपारी तो ज्या सफाईने गोठ्यामागे दिसेनासा झाला, ते डोळ्यांपुढून हलत नाही. एवढा वाढलेला मुलगा माझा.

आमच्या आळीत घरटी एक तरी माणूस बोटीवर. सुजयही गेला होता. पण त्याला बोट लागायची. पोटात अन्न टिकेना, तेव्हा पहिल्याच सफरीत त्याला अर्ध्यातून परत पाठवलं. तो रत्नागिरीला न येता पालीला, माझ्या भावाकडे उतरला. मी शेजारी सांगत राहिले, "बोटीवर आहे."

पालीत तो गुरांच्या चाऱ्यासाठी अझोला वाढवतो. चिरे मांडून वर ताडपत्री अंथरलेले उथळ हौद, त्यात शेणकाला, आणि पाण्यावर हिरवी साय धरावी तसा हा नेचा. आज गेले तेव्हा त्याने नखाएवढं रोप तळहातावर घेतलं.

"बघ आई, खवल्यांसारखी पानं. प्रत्येकाचे दोन भाग. वरच्याला पोकळी असते, तिच्यात शेवाळ राहतं. ते हवेतलं नत्र धरतं. खालचा पातळ, पाण्याला टेकलेला."

"आणि मुळं?"

"नुसती लोंबतात. फांदी तुटली की तिचं वेगळं रोप. म्हणून रोज काढलं तरी हौद भरतो."

"बीजाणू नाही धरत?" कॉलेजात वनस्पतिशास्त्र होतं मला.

"धरतो ना, पानाखाली. नर वेगळे, मादी वेगळे. तळाला जाऊन बसतात. वरचं सगळं उन्हाने गेलं तरी गाळात राहतात. पुढे दोन्हींचं जुळलं की मादीतून रोप फुटतं आणि वर येऊन तरंगतं."

कित्येक महिन्यांत तो माझ्याशी इतकं बोलला नव्हता.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. आमच्या शेजारच्या मालनवहिनी आणि महिपतराव. सुजयने रोप हौदात टाकलं.

"आई, आत जा. मी इथे नाहीये."

"अरे, गिऱ्हाईक आहे."

"तुझीच पंचाईत होईल."

तो गोठ्यामागे गेला. आणि मी, आई, दाराआड उभी राहिले.

"कोण आहे का हो?" महिपतराव ओरडले. "टोपली आणली नि मालकच गायब!"

"तुमचा पायगुणच तसला. चला."

रिकामी टोपली घेऊन ते गेले. सुजय बाहेर आला आणि मलाच म्हणाला, "घाबरू नकोस, त्यांनी मला बघितलं नाही."

संध्याकाळी कुंपणापलीकडून वहिनींची हाक आली. "सुजयची आई, कुठल्या बंदरात हो आता सुजय? आमचा मेला पालीला फुकट हेलपाटा झाला, अझोला काही मिळाला नाही."

मी म्हटलं, "सिंगापूर." इतकं सगळं बघून आल्यावरही.

वहिनी पहाटे धारेला उठतात. त्यांच्या गोठ्यात दिवा लागला की फोन करणार आहे. पालीचा अझोलावाला माझा सुजय आहे, टोपली घेऊन पुन्हा जा, म्हणून सांगणार आहे. कुंपणाशी जाऊन नाही सांगणार. त्यांचं तोंड दिसलं की माझी जीभ पुन्हा सिंगापूरच म्हणेल.