कापसातली पिल्लं

आमची कोंबडी बोक्याने धरली त्या सकाळी मी तिसरीतल्या पोरीला न शोभणाऱ्या शिव्या दिल्या. कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, पिल्लं निघायला जेमतेम आठवडा उरला होता, आणि आता डालग्याखाली नुसती पिसं आणि अंडी.

"कोंबडीनं काम कोंबडीच करस," आई म्हणाली. "फेकी दे उकिरडावर."

मी एक अंडं गालाला लावलं. अजून कोमट होतं. कोमट अंडं उकिरड्यावर कसं टाकायचं? सगळी अंडी फ्रॉकच्या ओच्यात घेतली आणि तशीच शाळेत गेले.

धुळ्याच्या बाजूचं आमचं गाव. शाळा म्हणजे एकच लांबट खोली, तिच्यात चार वर्ग, आणि चौघांना मिळून एक गुरुजी. गुरुजी तरुण, दीपनगरच्या कॉलनीत वाढलेले. वडील तिथे वीज केंद्रात कामाला. वीज जिथे तयार होते तिथे वाढलेल्या माणसाचा तिच्यावर जेवढा विश्वास असतो, तेवढा आमच्या गावात कुणाचा देवावरही नव्हता. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत एक अंडं धरलं. आत काळसर काहीतरी होतं, आणि ते हललं.

"जिवत शे!" कुणीतरी ओरडलं. सगळी शाळा एकमेकांच्या अंगावर चढून बघायला लागली. तेव्हापासून त्या अंड्यांचा घोर माझ्या एकटीचा राहिला नाही.

गुरुजींनी खोक्यात बल्ब टांगला, वाटीत पाणी ठेवलं, अंडी उलटायची म्हणून प्रत्येकावर कोळशाने खूण केली. आम्ही विचारलं, "गुरुजी, लाइट गेली तर?"

"अशी कशी जाईल?" गुरुजी म्हणाले. बिचारे!

दुसऱ्याच दिवशी डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. आमच्याकडे डीपी जळाली की लोक मुकाट्याने कंदिलाच्या काचा पुसायला घेत. लाइट कधी येईल हे विचारायची पद्धतच नव्हती. गुरुजी मात्र सारखे उठून बटण खालीवर करत होते. मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता. एवढा शिकलेला माणूस, आणि लाइट जाते हे ठाऊक नाही!

कापूस वेचणीचे दिवस होते. घराघरांत आढ्यापर्यंत कापूस भरलेला, आणि थंडी पडली की आम्ही पोरं त्यातच शिरून झोपायचो. त्यामुळे कुणाला काही सांगावं लागलं नाही. मधल्या सुट्टीनंतर जो तो सदऱ्यात, टोपीत कापूस कोंबून आला. शाळेमागे तीन दगडांवर पाणी तापवलं, बाटल्यांत भरलं, आणि बाटल्या, अंडी, कापूस असं सगळं त्या खोक्यात बसवलं. पाणी निवलं की बाटल्या बदलायच्या. गुरुजी शाळेलगतच्या खोलीतच राहायचे, म्हणून रात्रीची पाळी त्यांची. ते म्हणाले होते, अंड्यांखाली आधी चिंध्या घाला. आम्ही ऐकलं नाही. कापसाच्या गावाला कापसाची अक्कल शिकवतात, असा आमचा तोरा.

तो आमच्या अंगाशी आला. पिल्लं निघाली ती ओलीचिंब, आणि निघाल्या निघाल्या नखशिखान्त कापसात गुरफटली. चोच कुठली आणि पाय कुठला कळेना. गुरुजी ओल्या रुमालाने एकेका पिल्लाचे धागे सोडवत बसले आणि सगळी शाळा भोवती कोंडाळं करून बघत राहिली. निम्मी अंडी फुटलीच नाहीत. ती आम्ही कुंपणाशी पुरली. मी खूप रडले आणि मला कुणी हसलं नाही.

वाचलेली पिल्लं मी घरी नेली. आईने कण्या टाकल्या, पाणी ठेवलं, पोतं अंथरलं. पण पिल्लांनी जो आकांत मांडला तो थांबेना. खाईनात, बसेनात. असंच चाललं तर ती टिकणार नाहीत, हे आईच्या तोंडावर दिसत होतं.

"काबर रडतस ह्या?" ती म्हणाली.

मला एकदम लक्षात आलं. अंड्यात होती तेव्हापासून त्यांच्या कानावर दिवसभर चार वर्गांचा कल्ला पडत होता. आमचं घर त्यांना भलतंच गप्प वाटत असणार.

"माय, ह्यास्ले गोंगाटनी सवय शे."

एरवी "बोंबलू नको" म्हणून माझ्या पाठीत धपाटा घालणारी आई म्हणाली, "मंग म्हन ना पाढा. जोरमा म्हन."

मी बेचा पाढा सुरू केला. पिल्लं थबकली, एकमेकांना चिकटली, आणि एकेक करून डोळे मिटायला लागली. झोप लागली म्हणून मी थांबले की पुन्हा कालवा.

दुसऱ्या दिवशी मला शाळेत जायचं होतं, त्यांना घरी राहायचं होतं. वर्गात माझं चित्त नव्हतं. शाळा सुटल्यावर पळतच घरी आले, तर दारातच आवाज ऐकू आला. आई धान्य पाखडत बसली होती, पिल्लं तिच्या लुगड्याच्या घोळात शिरलेली, आणि शाळेचं तोंडही न पाहिलेली माझी आई सुपाच्या ठेक्यावर म्हणत होती, "बे एके बे, बे दुणे चार..." 'बे सक बारा'पर्यंत आली आणि अडली. तिने वर पाहिलं.

"पुढे काय शे?"

मी दप्तर दारातच टाकलं आणि तिला सांगितलं.