बोगद्यातलं पहिलं पाऊल

ठेकेदाराने त्या माणसाला फसवलं. मी तिथे उभा होतो.

नव्वद सालच्या आसपास ठाण्याजवळच्या डोंगरात पाण्याचा बोगदा खणत होते. तिथले कॉम्प्रेसर माझे, स्वतःच्या हिमतीवर उभे केलेले, त्यामुळे माझा तोराही मोठा. तिथल्या एका जुन्या कारागिराला सगळे काका म्हणत; फसवलं ते त्यांनाच. सुरुंग उडाला की काका एकटे पहार घेऊन आत जायचे. छतावर ठोके द्यायचे आणि मान कलती करून ऐकायचे. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर तिथला दगड सुटलेला. तो पाडल्याशिवाय ते कोणालाही आत सोडत नसत.

एकदा मी भडकून आत घुसलो. "काका, आटपा की! माझ्या मशिनी थांबल्यात!"

"शेठ, घासाघीस माझ्याशी करा," ते वर बघतच म्हणाले. "ह्याच्याशी नाही चालत." मला मागे ढकलून त्यांनी पहार घातली. मी उभा होतो तिथे कपाटाएवढा दगड आला.

अख्ख्या कामात एकही माणूस दगावला नाही. असल्या कारागिराबरोबर मी काम केलंय.

दोन्हीकडून खणत आलेला बोगदा आरपार झाला की पलीकडे पहिलं पाऊल टाकायला मिळणं, हा आमच्यात मोठा मान. ठेकेदाराने तो सगळ्यांदेखत काकांना कबूल केलेला. त्या दिवशी काका नवा सदरा घालून आले, आणि ठेकेदाराने हार घातलेल्या एका पाहुण्याला पुढे केलं. काकांनी पाहुण्याच्या डोक्यावरचं छत ठोकून पाहिलं, "जाऊ द्या" म्हणाले आणि बाजूला झाले.

ठेकेदारसाहेब, त्यांच्या शब्दावर तुमचा पाहुणा निर्धास्त चालला. तुम्ही दिलेल्या शब्दाचं काय झालं? उत्तर द्या.