उशिरा वेगळ्या काढलेल्या माद्या

केळं आधी हुंगायचं, मग सोलायचं. कपावर बशी झाकायची, कप रिकामा असला तरी. डासांचा फवारा खोलीत येऊ द्यायचा नाही. बोलता बोलता हवेतून काहीतरी अलगद उचलून बाजूला ठेवायचं.

माशीताईच्या या सवयी शेजारच्या खोलीतल्या मुलीला तोंडपाठ होत्या. मुलगी साहित्यात पदवी घेऊन नोकरी शोधत होती आणि संध्याकाळी तिच्याकडेच पडीक असायची.

माशीताई प्रयोगशाळेत फळमाश्या वाढवायची. काही माश्या कीटकनाशकाला दाद देत नाहीत, त्या का, हा तिचा विषय. तिचा संशय हार्मोन्सवर होता. अंगातलं एक हार्मोन दाबलं, की तीच चिवट माशी विषापुढे मान टाकते, असं तिच्या प्रयोगात दिसलं. विभागप्रमुख खूश झाले. शोधनिबंध छापून आला की तिची नोकरी कायम होणार होती.

मग एका संध्याकाळी तिचा चहा तसाच गार झाला.

"घोळ झालाय गं."

"कसला?"

"हार्मोन दाबायचं औषध न दिलेल्या माद्यांच्या नळीत आज अळ्या वळवळताना दिसल्या. म्हणजे कोशातून बाहेर आल्यावर त्यांना नरांपासून वेगळं काढायला मला उशीर झाला. तेवढ्यात त्यांचं जमलं."

"मग काय! लग्न झालं, पोरंबाळं झाली, गोड झालं सगळं."

"तिथंच तर गोम आहे. नराशी संग झाला की मादीचे हार्मोन्स आपोआप बदलतात. मग त्या विषापुढे तगल्या त्या नेमक्या कशामुळे?"

"पण हे कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, बयो."

दुसऱ्या दिवशी येऊन ती म्हणाली, "सर म्हणतात, हातातोंडाशी आलेलं कशाला घालवता, बाई? मी म्हटलं, पहिल्यापासून करते." नोकरीचं काय, हे मुलीने विचारलं नाही.

नव्या माश्यांचे कोश तयार होत आले, त्याच सुमारास एका सकाळी माशीताई जिन्यात कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलीला रडू आलं नाही. खोलीला कुलूप तिनेच लावलं, आणि लागलंय ना म्हणून पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं.

सामान आणायला ती माशीताईच्या भावाबरोबर प्रयोगशाळेत गेली. भाऊ खुर्चीवरचा स्वेटर घडी करून पिशवीत भरत होता. मुलगी काचेच्या नळ्यांपाशी थांबली. काचेला चिकटलेले बरेच कोश रिकामे होते. फिक्या, नुकत्याच जन्मलेल्या माश्या वर चढत होत्या.

"यातल्या माद्या कुठल्या?" तिने विचारलं.

प्रमुखांनी नळी उजेडात धरली. बराच वेळ पाहिलं.

"दोन्ही एकत्रच आहेत अजून," ते म्हणाले.

माद्या वेगळ्या काढायच्या राहिल्या होत्या.